आघाडी दूर, पेटी दारात

वऱ्हाडात दोन मोठी रणमैदानं आहेत. एक अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातलं अडगाव, जिथे २९ नोव्हेंबर १८०३ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. दुसरं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, जो त्यानंतर सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांचं वऱ्हाड हातचं गेलं. या सगळ्याचं डोळ्यांनी पाहण्याजोगं काय उरलं? अधिकाऱ्यांचे नकाशे, पत्रं, आणि १८५१ साली मंजूर झालेलं एक पदक, ज्याच्या फितीवरच्या पट्ट्यांवर ‘आर्गॉम’ आणि ‘गाविलघर’ अशी मोडकी नावं कोरली आहेत. छायाचित्रणाचा शोध जाहीर व्हायला अजून छत्तीस वर्षं होती. त्यामुळे अडगावच्या शिवारात मेलेल्या माणसांना चेहरा नाही. इकडच्या बाजूच्या तर नाहीच नाही.

वऱ्हाड आणि युद्धाचं छायाचित्र यांच्या नात्याचा शोध घ्यायचा तर सुरुवात या रिकाम्या जागेपासून करावी लागते. कारण पुढच्या दोनशे वर्षांत कॅमेरा आला, वृत्तपत्रं आली, टीव्ही आला, मोबाइल आला. लढाई मात्र वऱ्हाडात पुन्हा त्या रूपात आली नाही. आपण युद्ध पाहिलं ते कायम दुसऱ्यानं, दुसरीकडे काढलेल्या चित्रातून. आणि आपल्याकडच्या छायाचित्रकारानं युद्ध टिपलं ते फक्त शेवटच्या टप्प्यावर, गावच्या वेशीत. माझं म्हणणं असं की हा शेवटचा टप्पाच आपल्या ताब्यातला खरा ऐवज आहे, आणि नेमका तोच आपण रद्दीत घालत आलो आहोत.

युद्धाच्या छायाचित्रणाचा उगम सांगताना क्रिमियाचं नाव घेण्याची रीत आहे. त्याआधीच, १८४८-४९च्या दुसऱ्या शीख युद्धात, बंगाल सैन्यातला शल्यवैद्य जॉन मॅककॉश कॅमेरा घेऊन फिरत होता. युद्धभूमीवरच्या पहिल्या ज्ञात छायाचित्रकारांत त्याची गणना होते. म्हणजे या विद्येच्या जन्माला हिंदुस्थान साक्षीदार आहे. बनावही तितकाच जुना. १८५५ साली क्रिमियात रॉजर फेंटननं एकाच दरीचे दोन फोटो काढले, एकात तोफगोळे रस्त्यावर विखुरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. गोळे कुणी हलवले यावर आजही वाद झडतात. फेलिचे बियातो १८५८मध्ये लखनौला पोचला तेव्हा १८५७च्या उठावातली सिकंदर बागेतली लढाई होऊन काही महिने लोटले होते. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रातले सांगाडे कॅमेऱ्यासाठी अंगणात मांडले होते असं अभ्यासक मानतात. आणि १८६३मध्ये गेटिसबर्गला अलेक्झांडर गार्डनरनं एका सैनिकाचं प्रेत उचलून दगडांच्या आडोशाला नेलं आणि पुन्हा फोटो काढला. ‘आजकाल फोटोंवर विश्वास राहिला नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरा चाळावा.

त्याच अमेरिकन यादवी युद्धाशी वऱ्हाडाचा थेट संबंध आहे, फक्त तो फोटोतून नाही, कापसातून आहे. ऑक्टोबर १८६२मध्ये न्यूयॉर्कमधल्या मॅथ्यू ब्रेडीच्या दालनात अँटिटमच्या रणावरच्या मृतदेहांची छायाचित्रं मांडली गेली. शहरातल्या नागरिकांनी आपल्याच युद्धातले मुडदे असे भिंतीवर पाहण्याची ही पहिली वेळ. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली होती, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या अमरावती, अकोला, खामगाव, कारंज्याकडे. भाव चढले, जमिनी कापसाखाली गेल्या, रेल्वे वऱ्हाड ओलांडत १८६७ साली नागपूरला पोचली. इथल्या शेतकऱ्यानं ते युद्ध पाहिलं नाही, त्यानं ते विकलं. १८६५ला युद्ध थांबलं आणि तेजी ओसरली, तेव्हा त्याचा फटकाही त्यानंच खाल्ला. या घसरणीचा एखादा फोटो असता तर तो युद्धाचाच फोटो ठरला असता, असं मला वाटतं. पण घसरलेल्या भावाचा फोटो काढता येत नाही, ही या कलेची जुनी अडचण आहे.

पहिल्या महायुद्धाबद्दल इथे फार थांबण्याचं कारण नाही. मराठा पलटणींच्या भरतीचा भर कोकण आणि साताऱ्याकडे होता. तरी एक छायाचित्र प्रत्येक मराठी वाचकानं पाहायला हवं. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात पुणे डिव्हिजन अडकली होती, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ला त्यांनी शरणागती पत्करली. त्या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी सैनिकाचा फोटो लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात असं शरीर. साम्राज्याच्या विजयी चित्रमालिकेत तो बसत नाही, म्हणून तो महत्त्वाचा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा एक धागा मात्र थेट अमरावतीत येतो. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला इथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू गेला आणि त्यानं कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. अमरावतीकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्याच बर्लिनमध्ये लेनी रीफेनश्टाल असंख्य कॅमेरे लावून ‘ऑलिम्पिया’ चित्रित करत होती, आणि निरोगी देहांच्या त्या झळाळत्या चित्रांमागे एक राजवट आपला चेहरा घासूनपुसून जगापुढे ठेवत होती. तीन वर्षांनी याच राजवटीनं सैन्यासोबत प्रचार-तुकड्या पाठवल्या. त्यांच्या छायाचित्रकारांना कवायत आणि शस्त्र दोन्ही शिकवलं होतं. पाहुण्यांना यातलं काय दिसलं असणार? शिस्त, स्वच्छता, भव्यता. कॅमेऱ्यालाही तेच दिसलं.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांची चित्रं वऱ्हाडात कशी पोचत होती, हे आजच्या वाचकाला सांगावं लागेल. टेलिप्रिंटरवर मजकूर येई, चित्र येत नसे. फोटो टपालानं किंवा रेल्वेनं येणार, मग त्याचा जस्ताचा ब्लॉक बनणार, मग तो पानावर चढणार. जिल्ह्याच्या दैनिकाला हा खर्च झेपत नसे, म्हणून एकच ब्लॉक पुन्हा पुन्हा वापरला जाई. १९६२ आणि १९६५ची युद्धं इथे मुख्यतः ऐकली गेली, रेडिओवर आणि पारावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज दोन्ही युद्धांच्या काळात सीमेवर जवानांपुढे भजनं म्हणायला गेले. मोझरीचा माणूस खंजिरी घेऊन आघाडीवर गेला, हीच वऱ्हाडाची त्या युद्धांतली प्रतिमा. पुष्कळांच्या मनात ती फोटोविनाच पक्की आहे.

चालतं युद्ध पाहण्याची जागा होती थिएटर. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची समाचार-चित्रं मूळ चित्रपटाआधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. अमरावती तर सीपी-बेरार सर्किटचं वितरणाचं ठाणं, सिनेमाच्या धंद्यातलं मोठं नाव. तेव्हा पकडलेले पॅटन रणगाडे असोत की ढाक्यातली शरणागती, गावाकडच्या माणसानं ती पाहिली अंधारात, हजार लोकांबरोबर, एका भारदस्त आवाजाच्या निवेदनासह, घडून गेल्यावर काही आठवड्यांनी. या उशिराचा एक फायदा होता. चित्र येईपर्यंत निकाल लागलेला असे, अफवेला चित्राचा आधार मिळत नसे. तोटा उघड आहे. सरकारी कॅमेरा हरलेलं काही दाखवत नाही. १९६२च्या पराभवाची कहाणी मराठीत सविस्तर मांडायला मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ यावं लागलं. त्या पराभवाचं दृश्य दप्तर अजूनही तोकडंच आहे.

१९७१चं बांगलादेश युद्ध हे भारतीय उपखंडातल्या युद्ध-छायाचित्रणाचं खरं शिखर. किशोर पारेख कुठल्याही वृत्तपत्राच्या नेमणुकीविना स्वतःच्या हिमतीवर गेले आणि सुमारे दोन आठवड्यांत केलेल्या कामातून ६७ छायाचित्रांचं पुस्तक उभं राहिलं. रघु राय यांनी सीमा ओलांडून येणारे निर्वासित टिपले. त्यातल्या निगेटिव्ह कित्येक दशकं हरवल्यात जमा होत्या, त्या सापडल्यावर २०१३मध्ये पुस्तक निघालं. इतक्या मोठ्या छायाचित्रकाराच्या घरी ही अवस्था, हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवावं. आणि १८ डिसेंबरचा तो प्रसंग. ढाक्याच्या स्टेडियमवर मुक्तिवाहिनीच्या लोकांनी रझाकार असल्याच्या आरोपावरून पकडलेल्यांना जमावापुढे संगिनींनी भोसकून मारलं. असोसिएटेड प्रेसचे होर्स्ट फास आणि मिशेल लॉरां फोटो काढत राहिले, त्यांना पुढल्या वर्षी पुलित्झर मिळालं. मार्क रिबूसारखे काही छायाचित्रकार तिथून निघून गेले, कारण कॅमेरे आहेत म्हणूनच ही हत्या चालली आहे, असं त्यांना वाटलं. कोण बरोबर? मी स्वतः फास-लॉरांच्या बाजूचा आहे. ती छायाचित्रं नसती तर विजयाच्या आनंदात हा प्रकार सोयीस्करपणे पुसला गेला असता. पण निघून गेलेल्यांना भित्रे म्हणण्याची माझी तयारी नाही.

योगायोग असा की १५ डिसेंबर १९७१लाच नागपुरातून ‘लोकमत’चं दैनिक सुरू झालं, दुसऱ्याच दिवशी जनरल नियाझींनी जगजितसिंग अरोरांपुढे शरणागतीवर सही केली. टेबलाभोवतीचा तो फोटो आता प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे. पण विदर्भातल्या दैनिकांची, म्हणजे नागपूरची पत्रं, अकोल्याचं ‘मातृभूमी’ आणि नंतर ‘देशोन्नती’, अमरावतीचं ‘हिंदुस्थान’ यांची स्वतःची छायाचित्रं जोमानं छापली जाऊ लागली ती ऑफसेट छपाई आल्यावर. तालुक्याचा फोटोग्राफर म्हणजे बहुधा स्टुडिओवाला. लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे, एरवी तो वृत्तपत्रासाठी अपघात, मोर्चे, पूर, मंत्र्यांचे दौरे टिपे आणि पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देऊन जिल्ह्याला रवाना करी. युद्ध त्याच्या वाट्याला आलं ते १९९९मध्ये.

कारगिलला भारताचं पहिलं टीव्ही-युद्ध म्हणतात. ते खरंच, पण टीव्हीनं दाखवलं काय? वार्ताहरांचा वावर मुख्यतः श्रीनगर-लेह महामार्गाच्या आसपास. म्हणून द्रासजवळून आग ओकणारी बोफोर्स, ट्रकांचे ताफे, जखमी जवान, दूरवर धुरकट शिखरं. प्रत्यक्ष चढाया पंधरा-सोळा हजार फुटांवर, बव्हंशी रात्री झाल्या. तिथे कुणी छायाचित्रकार नव्हता. शिखरावर तिरंगा रोवलेले फोटो लढाई संपल्यावरचे. म्हणजे दृश्यांचा पूर आला खरा, पण मुख्य गोष्ट चौकटीबाहेरच राहिली.

खरा बदल दुसरीकडे झाला, आणि युद्ध-छायाचित्रणाच्या चर्चेत तो फारसा घेतला जात नाही. कारगिलपर्यंत धारातीर्थी पडलेल्या जवानावर बहुधा आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी तार येई, मागाहून ट्रंक आणि वस्तू. कारगिलमध्ये प्रथमच मोठ्या संख्येनं पार्थिवं गावोगावी पोचवली गेली. सरकारी आकडा ५२७ शहिदांचा. पार्थिवं अशी घरी येऊ लागल्यामुळे युद्धाचा फोटो काढण्याचं ठिकाणच बदललं. विमान नागपूरला उतरणार, लष्कराची गाडी बडनेऱ्याहून किंवा मूर्तिजापूरहून गावात शिरणार, कामठीसारख्या छावणीतून आलेली तुकडी मानवंदना देणार, हवेत फैरी झडणार. आणि तिथे, सरणापासून दहा हातांवर, तोच स्टुडिओवाला उभा. आघाडीवर न गेलेला, तरी युद्धाच्या सगळ्यात जवळ गेलेला.

गेल्या पंचवीस वर्षांत या फोटोचा एक साचा तयार झाला आहे आणि त्याबद्दल थोडं कडक बोललं पाहिजे. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी. पुष्पचक्र वाहणारे पालकमंत्री, आमदार, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, ओळीनं. ‘अमर रहे’च्या घोषणा देणारी गर्दी, हात उंचावलेले, हल्ली प्रत्येक हातात मोबाइल. आईचा टाहो, अगदी जवळून. पित्याला अग्नी देणारं पाच वर्षांचं पोर. दुसऱ्या दिवशी पान एक, तिसऱ्या दिवशी पान पाच, मग काही नाही. फोटोओळीत उपस्थित मान्यवरांची नावं न चुकता असतात. तो जवान कुठल्या युनिटचा होता, कुठल्या ठाण्यावर होता, हे पुष्कळदा नसतं. त्या पोराच्या चेहऱ्यावर लेन्स रोखताना मागच्या मागे कुणी धक्का देतं, ‘थोडं सरका’ म्हणतं. हे सगळं पत्रकारिता म्हणून खपतं. वर्षभरानं त्या घरी कुणी कॅमेरा घेऊन जात नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसलेली वीरपत्नी, स्मारकाच्या जागेवरून ग्रामपंचायतीत रेंगाळलेला ठराव, यांचे फोटो जवळपास निघतच नाहीत. माझ्या लेखी युद्धाचं दस्तावेजीकरण इथून सुरू व्हायला हवं, आणि आपण इथेच थांबतो.

हा साचा वऱ्हाडात इतक्या सहज का बसला, याचं कारण शोधायला लांब जायला नको. त्याच वर्षांत आपल्या छायाचित्रकारांचा हात आणखी एका मृत्यूवर बसत होता. शेतकरी आत्महत्यांचा फोटो आठवून पाहा. कुडाची किंवा विटांची भिंत, बाई दारात बसलेली, हातात नवऱ्याचा हार घातलेला फ्रेममधला फोटो. पत्रकार पी. साईनाथ यांच्या लेखनानं हा प्रश्न देशापुढे आला. २००६च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात बाहेरून आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यानं तीच फ्रेम घेतली. आज सैनिकाच्या घरचा आणि शेतकऱ्याच्या घरचा फोटो शेजारी ठेवला तर तिरंगा वगळता फरक करणं कठीण जावं. दोन्ही मृत्यू एकच आहेत असं मी म्हणत नाही. एकावर राज्य मानवंदना देतं, दुसऱ्याची पात्र की अपात्र अशी छाननी होते. पण दोन्हींकडे पाहण्याची आपली नजर एकच आणि तितकीच आळशी आहे.

चांगला फोटो काय करू शकतो याचं मराठी मुलखातलं उदाहरण म्हणजे मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ची रात्र. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसूझा गोळीबार ऐकून समोरच्या कार्यालयातून सीएसटीवर धावले आणि उभ्या गाडीच्या डब्यांआडून त्यांनी हल्लेखोर कसाबला टिपलं. त्यांची आणि ‘टाइम्स’चे श्रीराम वेर्णेकर यांची छायाचित्रं खटल्यात पुरावा ठरली, दोघांनी न्यायालयात साक्ष दिली. त्याच रात्री वाहिन्यांनी ताज-ओबेरॉयबाहेरून केलेल्या थेट प्रक्षेपणावर मात्र सर्वोच्च न्यायालयानं २०१२च्या कसाब निकालात कडक ताशेरे ओढले, कारण पलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून सूचना देत होते. एकाच हल्ल्याची दोन दृश्यं, एक कायद्याच्या कामी आलं, दुसरं हल्लेखोरांच्या.

तो धडा सरकारला आठवला, वाहिन्यांना नाही. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण न करण्याची सूचना दिली, त्यात कारगिल, २६/११ आणि कंदाहारची नावं घेतली. तरी पाकिस्तानशी संघर्ष पेटल्यावर, ७ मेनंतरच्या रात्री काय काय पाहिलं आपण! व्हिडिओ गेममधली चकमक खरी म्हणून फिरली, जुने परदेशी स्फोट नवे म्हणून आले, स्टुडिओत भोंगे वाजले. अकोल्यातल्या कौटुंबिक ग्रुपवर आणि अमरावतीतल्या कॉलेजच्या ग्रुपवर तीच क्लिप एकाच मिनिटाला पोचली. अधिकृत पत्रकार परिषदांत दिसली ती उपग्रहाची आणि शस्त्रांच्या नेमाची दृश्यं, करडी, वरून घेतलेली, माणूस नसलेली. १९९१च्या आखाती युद्धात सुरू झालेली ही तऱ्हा आता सर्वसाधारण झाली: फोटो शस्त्रच काढतं, छायाचित्रकाराची गरज नाही.

आणि तरीही जगात या दशकातली सर्वांत ठाम युद्ध-छायाचित्रं काढली ती त्या त्या गावच्या माणसांनी. मारिउपोलच्या वेढ्यात म्स्तिस्लाव चेर्नोव्ह आणि येवहेन मालोलेत्का हे युक्रेनचेच पत्रकार होते. गाझात परदेशी पत्रकारांना स्वतंत्र प्रवेश नाही; २०२४चं वर्ल्ड प्रेस फोटोचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारे मोहम्मद सालेम आणि २०२५ला ते मिळवणाऱ्या समर अबू एलूफ दोघेही तिथलेच. दूरवर जाऊन मरण पत्करणारेही आहेत. रॉयटर्सचे दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक इथे मारले गेले. पण आता पाहुण्या छायाचित्रकाराचा जमाना मागे पडतो आहे आणि स्थानिकाचं काम हेच मूळ दप्तर ठरतं आहे.

म्हणूनच आपल्या स्टुडिओवाल्यांच्या खोक्यांची मला काळजी वाटते. अकोल्याचा पंचेचाळीस अंशांचा मे रंगीत निगेटिव्हला मानवत नाही, पावसाळ्यात बुरशी चढते. कारगिलच्या काळातली फिल्म निदान खोक्यात तरी आहे. त्यानंतरच्या डिजिटल दशकातलं काम सीडीवर होतं किंवा बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर, ते बहुतेक गेलंच. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ना पूर्ण दर्जा उरतो, ना काढल्याची वेळ. ‘छाया’ म्हणून नाव छापण्याबाबतही आपली वृत्तपत्रं कंजूष. नाव किती महत्त्वाचं हे पाहायचं तर १९७२च्या व्हिएतनाममधल्या नापाम-जळीत मुलीचा फोटो पाहा: तो निक उट यांनीच काढला का, यावर त्रेपन्न वर्षांनी वाद उभा राहिला आणि मे २०२५मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोनं त्यांचं श्रेय स्थगित केलं, असोसिएटेड प्रेसनं मात्र कायम ठेवलं. इतक्या गाजलेल्या चित्राची ही गत, तर आपल्या जिल्हा पानाचं काय?

अमरावती विद्यापीठाच्या इतिहास किंवा पत्रकारिता विभागानं हे काम हाती घ्यावं, दैनिकांनी आपली जुनी पाकिटं त्यांच्या स्वाधीन करावीत. तोवर, ज्यांच्या माळ्यावर वडिलांच्या किंवा काकांच्या स्टुडिओची खोकी पडली आहेत त्यांनी ती या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नयेत. एकेक पाकीट उघडावं आणि त्यावर मऊ पेन्सिलीनं गाव, तारीख आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहावं.